बाबांच्या हातासाठी रोबोट थेरपी, पैसे घालावेत का?

विट्याचीपोर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. माझे बाबा ६३ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, विटा डेपोतून रिटायर झाले. साडेतीन महिन्यांपूर्वी पहाटे पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी सुधारलाय, काठी घेऊन बाथरूमला एकटे जातात, बोलणं सुरुवातीला अडखळत होतं तेही आलंय, पण हात काही हलेना. खांदा थोडा उचलतात, कोपर वाकतं पण सरळ करायला गेलं की ताठ होतं, आणि बोटं मिटलेलीच. उघडायची म्हटलं की डाव्या हाताने एकेक बोट सोडवून घ्यायचं.

मी पुण्यात असते, त्यांना सध्या इकडेच आणलंय. फिजिओ दिवसाआड घरी येतात, पाऊण तास. आता इथल्या एका सेंटरने रोबोटिक थेरपीचं २४ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. आकडा लिहीत नाही, पण भावाला फोनवर सांगितला तर म्हणाला एवढ्यात एक म्हैस आणि तिचा वर्षाचा चारा येतो.

फ्री डेमोला गेलो होतो. हात मशीनमध्ये ठेवला, पट्टे बांधले, समोर स्क्रीनवर झाडावरून आंबे पडतात ते टोपलीत झेलायचे. बाबांचा हात मस्त सरकत होता, स्कोअर आला ९६. इतके खूश झाले की रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या, झटक्यानंतर पहिल्यांदा. पण मी बाजूला बसून बघत होते, मधेच बाबा माझ्याकडे वळून 'भावाला व्हिडिओ पाठव गं' म्हणाले, स्क्रीनकडे त्यांचं लक्षच नव्हतं, आणि तरी आंबे टोपलीत पडतच होते! तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला मॅडम हे एआय मशीन आहे, पेशंटप्रमाणे स्वतःला ॲडजस्ट करतं. म्हणजे नक्की काय करतं? आणि हात बाबा हलवत होते की मशीन? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, सोमवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय.

बापू_कराडकर

पोरी, भरू नकोस. आमच्या मंडळींना चार वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलात चालायच्या मशीनवर घातलं होतं. वरून पट्ट्यांनी टांगायचं, खाली ट्रेडमिल, आणि पायांना बाहेरून रोबोटचे पाय बांधायचे. वीस सिटिंग झाली. मशीनवर आमची ही मॅरेथॉनला निघाल्यासारखी चालायची, आणि घरी आलं की स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत यायला मला कमरेला धरावं लागायचं. विचारलं तर म्हणे हळूहळू फरक पडेल. फरक पडला तो माझ्या एफडीला. त्यापेक्षा रोज सकाळी अंगणात हात धरून चालवलं त्याचाच उपयोग झाला.

हातमेकॅनिक

ताई, तुमचा किडा बरोबर ठिकाणी वळवळतोय. मी डॉक्टर नाही, कंट्रोल सिस्टिमवाला आहे, काही वर्षं असल्या मशीनच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय त्यामुळे आतून काय चालतं ते सांगतो.

कारखान्यातला रोबोट ताठर असतो. त्याला सांगितलं इथून तिथे जा की मधे तुमचा हात असो नाहीतर डोकं, तो जाणार. असा रोबोट पेशंटला बांधला तर तो पेशंटचा हात नुसता ओढत नेईल. नेव्हिल होगन नावाच्या प्राध्यापकांनी १९८५ मध्ये यावर वेगळा विचार मांडला की रोबोटने जागा ठरवू नये, त्याने स्प्रिंगसारखं वागावं, किती कडक आणि किती मऊ ते आपण ठरवायचं. त्यातून पुढे त्यांनी आणि हर्मानो क्रेब्स यांनी एमआयटीत (पुण्यातलं नव्हे, बोस्टनजवळचं) हाताच्या थेरपीचा रोबोट केला, एमआयटी-मॅनस, नव्वदच्या दशकात पेशंटवर वापरायला लागले. तुम्ही हात नीट नेला तर तो मधे येत नाही, वाट चुकली की हलकेच आत ढकलतो. आणि पुढची पायरी म्हणजे तुम्ही कसं खेळताय ते बघून स्प्रिंगचा कडकपणा आणि आंबा पडायचा वेळ आपोआप बदलायचा. 'पेशंटप्रमाणे ॲडजस्ट' म्हणजे खरं तर हे.

आता खरी गंमत. आपलं शरीर महा-आळशी आहे. मशीन मदत करतंय हे स्नायूंना कळलं की ते काम सोडून देतात, आणि हे पेशंट मुद्दाम करत नाही बरं का, आपोआप होतं. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात डेव्हिड राइनकेन्समायर यांच्या गटाने २००८ मध्ये हे फार छान दाखवलं. त्यांचा रोबोट पेशंटच्या हातात किती जोर आहे ते शिकायचा आणि उरलेली मदत भरायचा, ऐकायला आदर्श वाटतं ना? पण झालं असं की रोबोट शिकत गेला तसा पेशंट ढिला पडत गेला आणि शेवटी सगळं काम रोबोटच करायला लागला. मग त्यांनी त्याला विसरायला शिकवलं, म्हणजे चूक होत नसेल तर मदत सतत थोडी थोडी कमी करत राहायची. तेव्हा कुठे पेशंट स्वतः जोर लावत राहिला.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधायचे, आठवतंय? डबा भक्कम असला की पोरगं महिनाभर तरंगतं पण पोहायला शिकत नाही. माझ्या काकांनी माझ्या डब्याला खिळ्याने बारीक भोक पाडलं होतं, मला न सांगता! पाणी हळूहळू आत शिरायचं आणि हातपाय मारावेच लागायचे. चांगला रोबोट म्हणजे भोकाचा डबा. तुमच्या बाबांना डेमोत दिला तो भक्कम डबा होता, डेमो आहे म्हटल्यावर तसंच करणार म्हणा, गिऱ्हाईक बुडालं तर पैसे कोण भरेल.

विट्याचीपोर

अरे देवा, भोकाचा डबा! बाबांना वाचून दाखवलं तर हसून म्हणाले मी डब्याशिवायच शिकलो, बापाने सरळ ढकलून दिलं होतं. पण दादा, मला बघून कसं कळणार की डब्याला भोक आहे का नाही?

हातमेकॅनिक

सोपं आहे. तिथे गेल्यावर बाबांना सांगा हात एकदम सैल सोडा, काहीच करू नका. तरी आंबे झेलले गेले तर समजा काय ते. मग म्हणा मदत शून्य करून एक डाव खेळू द्या. दोन्ही स्कोअर लिहून घ्या. आणि प्रत्येक सिटिंगला मदत किती टक्के होती त्याची नोंद मागा, बऱ्याच मशीनमध्ये ती साठवलेली असते. २४ सिटिंगमध्ये स्कोअर वाढण्यापेक्षा मदतीचा आकडा खाली आला का ते बघायचं.

ओटीवाली

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटला रोजची कामं परत करायला शिकवणारी, बारा वर्षं फक्त हातच बघतेय. मेकॅनिकदादांचं पटलं पण मशीनला सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही, आणि कारण सांगते. मेंदूला नवीन रस्ता पाडायचा तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. अमेरिका-कॅनडात थेरपीची सेशन्स बसून मोजली होती, २००९ चा अभ्यास आहे, तर हाताची कामाची हालचाल एका सेशनला सरासरी फक्त ३२ वेळा झालेली! तिकडे ३२, तर आपल्याकडे दिवसाआड पाऊण तासात, त्यात पाच मिनिटं चहा आणि दहा मिनिटं बीपी-शुगरच्या गप्पा, काय होत असेल कल्पना करा. मशीन न थकता सिटिंगला हजारभर हालचाली करून घेतं. माझी पाठ दोनशेलाच बोलायला लागते.

पण ताई काही गोष्टी नीट बघा. बाबा हात पुढे नेताना पाठ खुर्चीवरून सुटते का? बरेच पेशंट हात नेतच नाहीत, कमरेतून पुढे झुकतात आणि हात आपोआप पुढे जातो, मशीनला वाटतं वा काय प्रगती. थेरपिस्ट शेजारी उभा नसेल तर हे कोण पकडणार? दुसरं म्हणजे खांदा. ढिला खांदा असताना हात जोरात ओढला तर सांधा सरकू शकतो, दुखणं लागतं आणि मग पेशंट हाताला हातच लावू देत नाही. घरीही बाबांना उठवताना त्या हाताला धरून कुणी ओढत नाही ना, बघा. आणि तिसरं, तुम्ही लिहिलंय बोटं उघडत नाहीत. मग आंबे झेलायचं मशीन खांद्या-कोपराचं आहे, बोटांसाठी त्यात काय आहे? हे विचारलंत का?

बोटांसाठी वेगळी यंत्रं असतात. वेल्लोरच्या सीएमसीत प्लुटो नावाचं छोटं मशीन बनलंय, एकच मोटर आणि तिला वेगवेगळ्या मुठी लावायच्या, मनगट वर-खाली, मनगट आडवं, हात पालथा-उताणा, बोटं उघडझाप, सगळं एकावर. टेबलावर मावतं. दिल्लीत आयआयटी आणि एम्सने मिळून मनगट-बोटांचं केलंय, त्यात हातावर इलेक्ट्रोड लावतात आणि पेशंटने बोट उघडायचा प्रयत्न केला, स्नायूत सिग्नल उमटला, तरच मोटर फिरते. प्रयत्न नाही तर मदत नाही! मला हे तत्त्व फार आवडतं, पण त्यातही कटकटी आहेत, घाम आला की सिग्नल बदलतो, इलेक्ट्रोड बोटभर सरकला की बदलतो, आणि टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, जास्त असला की उघडायचे आणि मिटायचे स्नायू एकदम ओढतात, मग मशीनचा गोंधळ उडतो की या माणसाला नक्की करायचंय काय.

बापू_कराडकर

म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच. मशीन बंडल.

टाइनकाठचा

बापू, थोडं थांबा. मी न्यूकॅसलला फिजिओ आहे, मूळचा मिरजेचा. इथूनच चालवलेली एक मोठी ट्रायल आहे, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, ब्रिटनमधल्या चार ठिकाणचे मिळून ७७० पेशंट. एका गटाला एमआयटी-मॅनसवर थेरपी, दुसऱ्याला तेवढाच वेळ माणसाकडून जास्तीची थेरपी, तिसऱ्याला नेहमीची. आठवड्यातून तीनदा, पाऊण पाऊण तास, १२ आठवडे. निकाल असा की रोबोटने हाताची हालचाल थोडी सुधारली, पण कप उचलणं, बटण लावणं अशा रोजच्या कामात नेहमीच्या थेरपीपेक्षा फरक पडला नाही. इथे बरेच लोक तेव्हा हिरमुसले होते.

त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर ट्रायल झाली होती, १२७ जण, सगळ्यांना झटका येऊन सहा महिने तरी उलटलेले. त्यात १२ आठवड्यांनी काही खास दिसलं नाही, ३६ आठवड्यांनी रोबोटवाले नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा किंचित पुढे होते. पण ज्यांना माणसाने तेवढीच जोरदार थेरपी दिली तेही तिथेच पोचले होते! म्हणजे जादू मशीनमध्ये नाही, घासून घेण्यात आहे. उलट बाजूही सांगतो, २०१८ मध्ये ४५ ट्रायल एकत्र करून पाहिल्या तेव्हा हाताचा जोर आणि रोजची कामं दोन्हींत मशीनवाल्यांना थोडा फायदा दिसला होता. त्यामुळे बंडलही नाही आणि चमत्कारही नाही.

आणि बापू, चालायच्या मशीनचं म्हणाल तर त्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो तो पहिल्या तीन महिन्यांत आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही अशांना, तोही सोबत फिजिओ चालू असेल तर. काकूंना घातलं तेव्हा त्या थोडंफार चालत होत्या का?

बापू_कराडकर

हो, काठीने चालत होती. आठ महिने झाले होते.

टाइनकाठचा

मग त्यांना अंगणच बरोबर होतं. थोडं चालता येणाऱ्यांमध्ये अमेरिकेत तुलना झाली होती, तिथे थेरपिस्टने हाताने धरून चालवलेले मशीनवाल्यांपेक्षा पुढे गेले. तुम्ही न वाचता तेच केलंत.

बापू_कराडकर

हे हिला दाखवतो. आयुष्यात एकदा तरी बरोबर ठरलो म्हणायचं.

चाकांवरून

सगळे बरं होण्याबद्दल बोलताय, मी जरा दुसऱ्या टोकाचा आहे. मान मोडून अकरा वर्षं झाली, विहिरीतच सूर मारला होता (डब्याची गोष्ट वाचून जरा हसलो, जरा नाही). हात-बोटं चालत नाहीत. माझा हात परत येणार नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न एवढाच की मशीन माझं ऐकतं का.

आत्ता हे टाइप करतोय ते फोनच्या कॅमेऱ्याने. अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून चेहऱ्याच्या हावभावांनी फोन चालवता येतो, भुवई उचलली की पुढे, तोंड उघडलं की सिलेक्ट असं मी लावलंय. फुकट आहे, सेटिंगमध्येच आहे, गरजू लोकांना कुणी सांगतच नाही. सुरुवातीला हसू पण लावलं होतं कॉलसाठी, मग मित्रांनी जोक मारला की मावशीला फोन! काढून टाकलं ते.

पण जो मुद्दा सांगायचाय तो हा की सकाळी दहा वाजता माझी भुवई जेवढी उचलते तेवढी रात्री नऊला उचलत नाही. सकाळी सेट केलेलं मशीन रात्री मला ओळखत नाही, मग भाऊ येऊन सेन्सिटिव्हिटी बदलतो. माझ्यासाठी जुळवून घेणारं मशीन म्हणजे ज्याला हे आपण होऊन कळेल की गडी आता दमलाय. बाकी एआय वगैरे तुम्ही बघा. रोबोट हाताचे व्हिडिओ लोक मला पाठवत असतात, २०१२ मध्ये एक आला होता, अमेरिकेत मेंदूत चिप घातलेल्या बाईंनी नुसत्या विचाराने रोबोटचा हात हलवून कॉफी प्यायली, पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनाने. ते बघून मी रडलो होतो हे खरं. आणि इस्राएलचे अमित गोफर, स्वतःला अपघात झाला म्हणून चालायचा रोबोट सूट बनवला, रीवॉक, २०१४ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. पण त्याला कुबड्या धराव्या लागतात आणि गोफरांच्या हातांत तेवढा जोर नाही, म्हणून बनवणाऱ्याला स्वतःला तो घालता येईना. पुढे त्यांनी हात नीट न चालणाऱ्यांसाठी उभं राहून फिरायची वेगळी गाडी केली. हे मला फार जवळचं वाटतं.

ताई, एक गोष्ट. तुम्ही सगळं विचारलंत, बाबांना विचारलंत का? ते दोन भाकऱ्या खाऊन झोपले त्या रात्री, ती पण थेरपीच होती. त्यांना खोटा ९६ दाखवू नका पण तो खेळ काढूनही घेऊ नका.

ओटीवाली

चाकांवरून, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ताई, जाताजाता, बाबा कंडक्टर होते म्हणालात ना? तिकीट पंच करायचा तो जुना चिमटा घरात आहे का कुठे? ज्या हालचाली माणसाने तीस वर्षं केल्यात त्या करून घ्यायला सोप्या जातात असा माझा अनुभव आहे. पण नीट वाचा, दाबणं हे काम नाही, दाबायला टोन आहेच त्यांचा. सोडणं हे काम आहे. चिमट्याची स्प्रिंग हात उघडायला मदत करेल, त्याच वेळी त्यांनी स्वतः बोटं उघडायचा प्रयत्न करायचा, दहा वेळा, मग विश्रांती. बोटं जास्त ताठ व्हायला लागली की लगेच थांबायचं, आणि तुमच्या फिजिओंना विचारूनच सुरू करा.

विट्याचीपोर

मंडळी, आज जाऊन आले. सगळं सांगते.

आधी हात सैल सोडून खेळवलं, स्कोअर ९१. काहीच न करता ९१! मग मदत शून्य करा म्हटलं तर तिथल्या मुलाला ते कुठे असतं तेच माहीत नव्हतं, शेवटी त्याने कुणालातरी फोन लावून शोधून काढलं. मदत ८० वर फिक्स करून ठेवलेली होती. मेकॅनिकदादा, ते 'एआय' फक्त आंबे पडायचा स्पीड बदलत होतं, मदत नाही. शून्यावर बाबांचा स्कोअर आला ७. बाबा इतके चिडले, मशीन बिघडलंय म्हणाले, मग दोन मिनिटं गप्प बसले, मला वाटलं आता रडतील, आणि म्हणाले 'परत लाव'. दुसऱ्यांदा ११ आला. तिसऱ्यांदा ९. मग मीच थांबवलं कारण पाठ खुर्चीवरून सुटायला लागली होती, ओटीताई तुमच्यामुळे ते दिसलं.

२४ चं पॅकेज घेतलं नाही. भांडून आठ सिटिंग घेतली, मदत ३० वरून सुरू करायची, दर वेळी थेरपिस्ट शेजारी हवा आणि नोंदीचा कागद हातात द्यायचा या अटीवर. सेंटरवाली बाई तयार झाली, जरा तोंड वाकडं करून. बोटांचं त्यांच्याकडे काहीच नाही हे कबूल केलं. रस्त्यात बाबांना विचारलं यायचं का परत, तर म्हणाले 'ते सात बघून झोप नाही लागणार, चल'.

आणि भावाने माळ्यावरची ट्रंक उघडली, चिमटा सापडला! काल एसटीच्या पार्सलने आला, दुसरं कशाने येणार. बाबांनी डाव्या हातात घेऊन टक टक केलं आणि 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडले, आई आतून धावत आली. पण त्याची स्प्रिंग गंजून तुटलीय. अशी स्प्रिंग पुण्यात कुठे मिळेल?

हातमेकॅनिक

रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, चिमटा सोबत न्या, मापाची लगेच देतील. तीन घ्या, एक कडक, एक मध्यम, एक मऊ. कडकवर सुरू करा, ती हात जोरात उघडून देईल, जमायला लागलं की मध्यम, मग मऊ.

बापू_कराडकर

भोकाचा डबा.

विट्याचीपोर

😄 उद्या जाते. शनिवारी दुपारी उघडी असतात ना दुकानं?